मीटररावांची लाल कोळंबी

प्रदर्शनातल्या परीक्षक बाईंनी ‘हे नवं वाण आहे’ एवढं म्हणायचा अवकाश, मीटररावांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. घराची मागची खोली कायमची त्यांची होणार होती. बायको त्या खोलीचा विषय पुन्हा काढणार नव्हती, आणि मीटररावांच्या बायकोने एखादा विषय सोडून देणं ही काय चीज आहे, ते मीटररावच जाणोत. हौशी मंडळातल्या औषधवाल्याचं तोंड बंद होणार होतं, ते वेगळंच. आणि या सगळ्यावर साय धरावी तशी एक गोष्ट होती. जिथे जिथे कुणी काचेच्या टाकीत हौसेने कोळंब्या पाळतं, तिथे तिथे बोटाच्या पेराएवढा एक जीव त्यांच्या नावाने ओळखला जाणार होता. खर्चाच्या बाजूला त्यांनी काही धरलंच नव्हतं, कारण खर्च होण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. दिसत नव्हतं, हीच तर खरी भानगड.

मीटरराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कापडाच्या मोठ्या दुकानात ते विक्रीला होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला बोटभर कापड कमी दिलं नाही आणि बोटभर जास्तही दिलं नाही, म्हणून हे नाव चिकटलं. दुकानात पिवळ्या दिव्यांचा असा झगमगाट असे की गोणपाटसुद्धा रेशमासारखं दिसावं. मालकाला ते सोयीचं होतं, पण मीटररावांना पटत नसे. गिऱ्हाईक घुटमळलं की ते आपण होऊन तागा खांद्यावर टाकत आणि म्हणत, “दुकानातल्या दिव्यावर जाऊ नका ताई. दारात चला, उजेडात नेऊन बघा. घरी गेल्यावर मला शिव्या नकोत.” हे वाक्य इतकं गाजलं होतं की एकदा शेजारच्या गल्ल्यावरच्याने विचारलं, “काय हो, वहिनींना पण दारात नेऊन बघितलं होतंत का?”

“तिनेच मला नेलं होतं,” मीटरराव म्हणाले. “तरी फसली.”

तर असा हा माणूस. दिवसभर जगाला उजेडाचं महत्त्व सांगायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मागच्या खोलीत काळोखात बसायचा.

काळोख म्हणजे अगदी काळोख नव्हे. खोलीला मोठी खिडकी होती, पण ऊन आलं की टाकीच्या काचांवर हिरवा बुळबुळीत थर चढतो, म्हणून मीटररावांनी तिच्यावर काळा कागद डकवून टाकला होता. टाक्यांवर एक गुलाबी दिवा टांगलेला असे. पाणवनस्पतींना तो मानवतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्या दिव्याखाली सगळंच कसं जडावाच्या दागिन्यासारखं दिसे. त्याच दिव्याखाली एका संध्याकाळी त्यांना ती दिसली: माणकासारखं लाल अंग, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत फूटपट्टीने आखावी तशी सरळ काळी रेघ. लाल कोळंब्या पुष्कळांकडे असतात, निळ्याही असतात, पिवळ्याही. पण लालावर काळी रेघ! मीटरराव स्टुलावरून उठले आणि खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारून पुन्हा बसले.

या छंदात कामं दोनच, बघत बसणं आणि वेगळं काढणं. पिल्लं जरा मोठी झाली की हव्या त्या रंगाची ठेवायची, नको ती बाजूला करायची. पुन्हा त्यांची पिल्लं, पुन्हा निवड. मीटररावांचा हात या कामात बसलेला होता. पांढऱ्या चिनी मातीच्या चमच्यात एकेक कोळंबी घेऊन ते दिव्याखाली धरत. लाल अंग, काळी रेघ, तर टाकीत. काजळी धरल्यासारखी काळपट, काठाला जेमतेम लालसर, तर बाहेर. बाहेर काढलेल्या कोळंब्या बाकीचे हौशी लोक सरळ मोठ्या माशांना घालतात. मीटररावांना तेवढं धैर्य नव्हतं. त्या ते वाटीत भरून बायकोच्या हातात देत आणि म्हणत, “हे भंगार घे. टाक तुझ्या आईच्या बरणीत.” पुढे पुढे स्वतःच नेऊन देऊ लागले. चार पावलांवर तर स्वयंपाकघर. काळोख पडल्यावर वाटी उपडी करायची आणि परतायचं, भंगारात डोकावायला कोण थांबतो!

ती बरणी, म्हणजे मोठ्या तोंडाचं काचेचं भांडं, स्वयंपाकघराच्या खिडकीत असे. आणि सासूबाई, म्हणजे मीटररावांच्या बायकोची आई, त्या बाहेरच्या खोलीत असत, चपलांचं कपाट आणि दार यांच्यामधल्या घडीच्या खाटेवर. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचं भाड्याचं घर मालकाने विकलं आणि त्या लेकीकडे आल्या. घडीची खाट मधे खचलेली होती. रात्री कुणी उठलं की त्यांची झोप मोडे, सकाळी दूध आलं की मोडे, आणि मोडायला झोप नसेल तेव्हा पाठ मोडे. मागची खोली कोरडी, उबदार होती. तिच्यात कोळंब्या राहत.

“आई खाटेवर आणि किडे खोलीत!” बायको म्हणायची. शाळेच्या कचेरीत ती कारकून होती, आणि उशिरा आलेल्या पालकांशी बोलायचा आवाज ती घरीही वापरायची.

“किडे नाहीत. कोळंब्या. त्यांना थंडी सोसत नाही.”

“आणि आईला सोसते?”

याचं उत्तर मीटररावांना कधी द्यावंच लागलं नाही. दर वेळी स्वयंपाकघरातून सासूबाईंचाच आवाज यायचा. “अगं, राहू दे. पुरुषमाणसाला एक नाद असावा. मला इथंच बरं. येणारं-जाणारं दिसतं.”

मीटररावांना याचं थोडं नवल वाटे. सासू जावयाची बाजू घेते आणि तीही स्वतःच्या पाठीच्या जिवावर! भोळ्या आहेत, एवढाच अर्थ त्यांनी काढला आणि आपल्या नशिबाच्या खाती तो जमा करून टाकला.

शेवटी बायकोनेच तिढा सोडवला. “यंदाच्या प्रदर्शनात तुमची ती रेघवाली नवं वाण म्हणून मान्य झाली, तर खोली तुमची. मी हूं का चूं करणार नाही. नाही झाली, तर रविवारी टाक्या बाहेर आणि आई आत. कबूल?”

“कबूल,” मीटरराव म्हणाले. हरण्याची शक्यताच नसली की माणूस किती रुबाबात कबूल होतो!

प्रदर्शन भरलं ते काचेच्या छताच्या एका जुन्या सभागृहात. पूर्वी तिथे घाऊक फुलबाजार होता, त्यामुळे वरून नुसता उजेडाचा धबधबा. औषधवाला दारातच उभा होता. हौशी मंडळाचा तो चिटणीस. स्वतः औषधं विकायचा, पण दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळण्यात त्याला जास्त रस. “या, या! आणलीत का राणीसाहेब? की घरी कढईत आहेत?”

“आज बोलून घे,” मीटरराव म्हणाले. “उद्यापासून माझ्याकडे पिल्लांसाठी रांगेत उभा राहशील.”

परीक्षक बाई परगावच्या होत्या. पांढरे केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि एकच नियम: सगळे दिवे बंद. ज्याने त्याने आपल्या कोळंब्या पांढऱ्या वाडग्यात काढायच्या आणि छताखाली आणून ठेवायच्या. मीटररावांचा नंबर आला. बायको शाळेतून परस्पर येणार होती, ती अजून पोचली नव्हती. ती नाही याची त्यांना हळहळ वाटली. हा क्षण तिने बघायला हवा होता. त्यांनी डबा उघडला, जाळीने अलगद चार कोळंब्या वाडग्यात सोडल्या आणि लोकांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. कौतुक आधी तिथे उमटतं.

तिथे काहीच उमटलं नाही. मग त्यांनी खाली बघितलं.

वाडग्यात चार तपकिरी कोळंब्या होत्या. लाल नव्हे, लालसरही नव्हे. चहाच्या गाळाचा रंग. पाठीवर रेघ होती, पण तीही तपकिरीच, जरा गडद, एखाद्याच्या बाहीवर सांडल्याचा डाग राहावा तशी.

मीटररावांनी झडप घालून डबा उचलला. डबा बदलला, हा पहिला विचार. त्यांनी झाकण उलटं करून बघितलं. झाकण त्यांचंच. मग त्यांनी औषधवाल्याकडे बघितलं, असं बघितलं की तो बिचारा दोन पावलं मागेच सरला.

“माझ्याकडे काय बघता? मी हातसुद्धा लावला नाही!”

“प्रवासाने… प्रवासाने रंग उतरतो,” मीटरराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

“उतरतो,” परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या. “घाबरली की फिकटते कोळंबी. थांबू की. मला घाई नाही.”

सगळे थांबले. चारही कोळंब्या वाडग्यात आरामात हिंडू लागल्या, पुढच्या इवल्याशा पायांनी तळ चाचपून खाऊ लागल्या. भीतीचं नाव नाही. रंगाचंही नाही. मीटररावांच्या चेहऱ्याचा रंग मात्र जो उतरला तो काही परतला नाही.

“घरी दिवा कुठला आहे?” बाईंनी विचारलं.

“गुलाबी. चांगला आहे. झाडांसाठी.”

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. टेबलावर कुणीतरी फुलांचा गुच्छ ठेवला होता, त्याचं गुलाबी चकचकीत वेष्टण त्यांनी सोडवलं, विजेरीच्या तोंडावर ताणून बसवलं. वाडग्यावर एक काळी छत्री उघडून धरायला लावली आणि तिच्या सावलीत विजेरी पेटवली.

“आई गं!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

माणकासारखं लाल अंग. सरळ काळी रेघ. तीच, अगदी तीच.

“हीच ना तुमची?”

मीटररावांनी मान हलवली. बाईंनी छत्री बाजूला करवली, वेष्टण काढलं. चहाचा गाळ. पुन्हा छत्री, पुन्हा माणिक. मग शेवटचा चहाचा गाळ. प्रत्येक खेपेला मीटररावांना कुणी थोबाडीत मारावी तसं होत होतं. तोंड उघडलं ते अर्थात औषधवाल्यानेच.

“अहो मीटरराव, दारात नेऊन बघायचं ना!”

हशा पिकला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मीटररावांनी त्याला फाडून खाल्लं असतं. आज त्यांना तो बोललेला जेमतेम कळला, कारण परीक्षक बाईंनी पुढचा प्रश्न विचारला होता.

“या ठेवल्यात तुम्ही. बरं. मग काढून टाकल्यात त्या कशा होत्या?”

“काळपट. काजळी धरल्यासारख्या. त्या वाईट निघाल्या म्हणून…”

“तुम्ही कापडाच्या दुकानात आहात असं हे चिटणीस म्हणत होते. मग तुम्हीच सांगा. गुलाबी दिव्यात काळं दिसतं ते दिवसा काय असतं?”

उत्तर मीटररावांच्या जिभेवर होतं. किती वेळा त्यांनी तागा दारात नेला होता आणि काळा म्हणून नाकारलेल्या कापडाने उन्हात मोराच्या मानेसारखा रंग दाखवला होता! गिऱ्हाईक अवाक झालं की ते हसत असत. आता तेच अवाक झाले.

“कुठे आहेत त्या?” बाईंनी विचारलं.

“सासूबाईंच्या बरणीत,” मीटरराव म्हणाले, आणि डबा, जाळी, वाडगा, होतं ते सगळं तिथंच टाकून दाराकडे धावले.

घरी पोचेपर्यंत ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत आलं होतं. सासूबाई ओट्याशी बसून मटार सोलत होत्या. बायकोला शाळेतच उशीर झाला होता, आता प्रदर्शन संपलंच असेल म्हणून ती नुकतीच सरळ घरी आली होती. खांद्याची पिशवीही तिने उतरवली नव्हती. मीटरराव चपलांसकट आत घुसले आणि बरणीपुढे उभे राहिले.

उभे राहिले म्हणण्यापेक्षा खिळले म्हणावं. बरणीत ऊन भरलं होतं आणि उन्हात कोळंब्या. निळ्या. निळ्या म्हणजे नुसत्या निळ्या नव्हेत. डोक्याशी गर्द, शेपटीकडे जाता जाता हिरवी झाक येणारा निळा. पाठीवरून केशरी काठ, एकसारख्या रुंदीचा, आणि शेपटीच्या प्रत्येक पाकळीवर एक पांढरा ठिपका. एखादी वळली की काठावरून ऊन सरकायचं. काही माद्यांच्या पोटाशी अंड्यांचे पिवळे घोस होते. काचेला चिकटून तांदळाच्या कणीएवढी पिल्लं होती, त्यांनाही काठ होता! दोन वर्षं चमच्यातून उचलून उचलून मीटररावांनी जे टाकून दिलं होतं, ते सगळं इथे लखलख चमकत हिंडत होतं.

त्यांनी ओट्याला धरलं.

“आलात? लागला का निकाल?” सासूबाईंनी विचारलं. “अगं, पाणी दे यांना. रंग बघ कसा झालाय.”

“या… या अशा कधीपासून आहेत?”

“अशा म्हणजे?”

“निळ्या. काठाच्या.”

“इश्श! तुम्ही दिल्यात तशाच आहेत. मी काय रंगवल्या?” सासूबाई हसल्या. “उलट पिल्लं झाली ती जास्तच उठावाची निघाली. मी कधीची सांगणार होते तुम्हाला, पण म्हटलं, तुम्ही बोलून दाखवत नाही, तर आपण कशाला बोलावं.”

“काय बोलून दाखवत नाही?”

सासूबाईंनी मटाराची ताटली बाजूला ठेवली. “जावईबापू, मी काय आंधळी आहे? पहिल्या दिवशी तुम्ही हिच्या हाती वाटीतून पाठवल्यात, मी उन्हात धरून बघितल्या आणि मला रडूच आलं. घर गेलेलं, सामान विकलेलं. लेकीच्या घरी आपण अडगळ, असं वाटायचं मला. आणि जावई स्वतःच्या हाताने निवडून सगळ्यांत देखण्या आपल्याला आणून देतोय. एकदा नाही, दर खेपेला! स्वतःला काय ठेवलं, देव जाणे. त्या दिव्याने माझे डोळे झोंबतात, म्हणून मी तुमच्या खोलीत कधी आले नाही. पण इतक्या सुंदर वस्तू कोण हातची सोडतं हो?”

मीटररावांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

“म्हणून तर मी हिला दटावायचे,” सासूबाई लेकीकडे बोट करून म्हणाल्या. “त्यांना खोलीवरून बोलू नकोस म्हणून. जो माणूस जवळचं चांगलं ते सासूला देतो, त्याची एवढीशी खोली काढून घ्यायची? लाज नाही वाटत? पाठ काय, या वयात दुखायचीच. खाट असो की पलंग.”

सभागृहात जे झालं ते काहीच नव्हतं, असं मीटररावांना वाटलं. तिथे चारचौघांत फजिती झाली होती. फजितीला निदान सोबत असते. इथे एक म्हातारी त्यांच्याकडे मायेने बघत होती आणि ती माया काहीही करून परत करता येत नव्हती. त्यांनी हळूच बायकोकडे बघितलं. ‘हे भंगार घे, टाक तुझ्या आईच्या बरणीत’ हे वाक्य पहिल्यांदा जिच्या कानांनी ऐकलं, ती दारात उभी होती. तिचे डोळे विस्फारले होते. तिलाही हे आताच कळत होतं, आईचं ते ‘राहू दे गं’ कशापायी होतं ते. तिने तोंड उघडलं. तिने आईकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. फुकट गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हे, एवढं मीटररावांना ठाऊक होतं.

“अजून उजेड आहे,” ती कोरड्या आवाजात म्हणाली. “बरणी नेणार आहात ना? मग आईलाही न्या.”

भाड्याच्या गाडीत बरणी सासूबाईंच्या मांडीवर होती. मीटररावांनी हात पुढे केला तर म्हणाल्या, “तुम्ही दार सांभाळा. पाणी हिंदकळवाल.”

सभागृहात निम्मी गर्दी अजून होती. दुपारची फजिती ज्यांनी बघितली नव्हती त्यांना ती सांगण्याचं काम औषधवाला मन लावून करत होता. बरणी टेबलावर आली आणि तो अर्ध्या वाक्यात थांबला. परीक्षक बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मागच्या माणसांनी टाचा उंचावल्या.

“मी अशी बघितलेली नाही,” त्या म्हणाल्या. मग आणखी हळू, “किती पिढ्या झाल्या? पिल्लंही तशीच? आहेत, आहेत… हे नवं वाण आहे.”

चार शब्द. हेच ते. मीटररावांनी ज्यांची दोन वर्षं वाट बघितली होती.

“निवड कुणाची?” बाईंनी विचारलं.

“जावईबापूंची!” सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “एकेक बघून, चांगल्या तेवढ्या मला आणून दिल्या. स्वतःला एक ठेवली नाही.”

आता जे झालं ते मीटरराव जन्मात विसरणार नाहीत. अख्ख्या सभागृहाला खरं काय ते माहीत होतं. ‘वाईट निघाल्या म्हणून’ हे दुपारी निम्म्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, उरलेल्यांनी औषधवाल्याच्या. परीक्षक बाईंना माहीत होतं, बायकोला माहीत होतं, दारावरच्या तिकीटवाल्यालाही एव्हाना कळलं होतं. माहीत नव्हतं ते एकट्या सासूबाईंना, आणि त्या अभिमानाने गर्दीकडे बघत होत्या. औषधवाल्याने तोंड उघडलं. आयुष्यात एकदाच सापडावा असा विनोद त्याच्या ओठांवर आलेला मीटररावांना स्पष्ट दिसला. पण त्याने म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो विनोद गिळला. गिळताना त्याचा गळा हललेलाही दिसला.

मीटररावांनी नुसती मान हलवायची होती. एवढीशी. खोली त्यांची, नाव त्यांचं, आणि रेघवालीऐवजी निळी एवढं सोडलं तर बायकोच्या शब्दातही बसत होतं.

“मी नाही निवडल्या,” ते म्हणाले. “मला त्या दिसल्याच नाहीत कधी. मी फक्त बरणीत सोडायचो. बघितल्या त्यांनी, वाढवल्या त्यांनी. नाव त्यांचं लावा.”

“बघा!” सासूबाई परीक्षक बाईंना म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “बघा, पुन्हा तेच! आत्तासुद्धा स्वतःकडे म्हणून काही ठेवायचं नाही!”

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बघता बघता सगळ्यांनीच वाजवल्या, कारण टाळ्या वाजवताना एकमेकांकडे बघावं लागत नाही. मीटररावांची कानशिलं तापली. खरं सांगून टाकायला त्यांनी होता नव्हता तेवढा धीर गोळा केला होता. ते खरंही दानात जमा झालं.

“माझं नाव कोळंबीला नको बाई,” सासूबाई पदराने डोळे टिपत पुढे म्हणाल्या. “यांचंच लावा. जावईनिळी म्हणा.”

आणि परीक्षक बाईंनी, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, तसंच लिहून घेतलं.

रविवारी टाक्या बाहेर निघाल्या. कुणी काही बोलायची वाट न बघता मीटररावांनी स्वतः खिडकीचा काळा कागद खरवडून काढला. खोलीत इतकं ऊन आलं की भिंतीवरचे ओलीचे डागसुद्धा दिसले. सासूबाई चांगल्या पलंगावर पहिल्यांदा आडव्या झाल्या तेव्हा “अगं बाई!” एवढंच म्हणाल्या, आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत उठल्या नाहीत. मीटररावांची एक टाकी घडीच्या खाटेच्या जागी, दाराजवळ बसली. गुलाबी दिवा अडगळीत गेला.

मग सासूबाई वाटी घेऊन आल्या. वाटीत सगळ्यांत निळ्या, सगळ्यांत नेटक्या काठाच्या कोळंब्या होत्या.

“घ्या. दोन वर्षं तुम्ही मला दिल्यात, आता माझी पाळी. आणि त्या तपकिरी बिचाऱ्या माझ्या बरणीत सोडा. त्यांना कोण बघणार?”

“आई, नको…”

“नको काय? घ्या म्हणते ना.”

त्यांनी घेतल्या. बायको चपलांच्या कपाटापाशी उभी राहून बघत होती. “छान दिसतात हो जावईनिळ्या,” ती म्हणाली, आणि ‘जावई’वर अगदी बोटभर जास्त जोर दिला.

तर खर्चाची बाजू अशी पडली. औषधवाल्याने किंमत म्हणून आयुष्यातला सर्वांत चांगला विनोद भरला, आणि तो अजून कुरकुरतो. बायकोने खोलीचा विषय सोडला, पण त्याच्या बदल्यात हातात असा एक शब्द घेतला की भाजीत मीठ कमी पडलं तरी तो काढता यावा. मीटररावांनी खोली दिली. नाव मात्र त्यांना मिळालं, आणि हप्ता भरावा तसं ते रोज ऐकावं लागतं. दुकानात तागा खांद्यावर टाकून ते “दारात चला” म्हणू लागतात आणि मधेच खोकतात. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून जास्त भरलं ते सासूबाईंनी, दोन हिवाळे, खचलेल्या खाटेवर, पाठीने. आणि आपल्याला सगळं फुकट मिळालं, असं त्या घरात एकट्या त्यांनाच वाटतं.